डुप्लिकेट म्हणून काढलेल्या ओळी

हॉस्पिटलमध्ये माझं काम एकच: एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर त्या शोधून एक करायच्या. पेशंट एकदा अपघात विभागात येतो, एकदा हाडांच्या डॉक्टरकडे. एका ठिकाणी आडनावात एक अक्षर जास्त पडतं, दुसऱ्या ठिकाणी पत्ता जुना राहतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं ही दोन माणसं आहेत. मग ॲलर्जीची माहिती एका नोंदीत पडून राहते आणि औषध दुसरी नोंद बघून दिलं जातं. हे होऊ नये म्हणून इंग्लंडमधल्या रीडिंग गावात एका ऑफिसात मी बरीच वर्षं बसते आहे. डुप्लिकेट दिसलं की माझे हात शिवशिवतात. घरातसुद्धा एकसारख्या दोन बरण्या दिसल्या की एक मी दुसरीत ओतते.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी जवळच्या चर्चचा हॉल बुक करायला गेले, तेव्हा तिथल्या फळ्यावर एक कागद दिसला. ‘जुन्या दफनाच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला माणसं हवीत.’ खाली लिहिलं होतं, स्प्रेडशीट येत असेल तर फारच उत्तम. मला दुसरं काय येतं! मी तिथल्या तिथे नाव दिलं.

प्रकार असा होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात या चर्चच्या हद्दीत सगळी कामगारवस्ती होती. टेकडीकडच्या बाजूला जरा बऱ्या गल्ल्या आणि खाली नदीला लागून एक चिंचोळी गल्ली. चर्चच्या मागे एक कोपरा आहे, नुसतं गवत. त्या गवताखाली या वस्तीतली लहान मुलं पुरलेली आहेत, एकाही कबरीवर दगड नाही. चर्चच्या समितीने ठरवलं होतं की तिथे एक मोठी पाटी बसवायची, स्लेटच्या दगडाची, आणि तिच्यावर त्या कोपऱ्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि वय कोरायचं.

त्यासाठी दोन वह्या जुळवायच्या होत्या. एक पाद्र्याची, छापील रकान्यांची, सुबक अक्षराची. तिच्यात नाव, गल्ली, वय आणि दफनाची तारीख. दुसरी कबर खणणाऱ्याची. कोणाला कुठे पुरलं हे फक्त त्याला ठाऊक होतं, त्यामुळे कोपऱ्यातली मुलं कोणती हे त्याच्याच वहीतून कळायचं. पण त्याचं लिहिणं म्हणजे आनंदीआनंद. तारखेच्या जागी कधी नुसताच ‘मंगळवार’, तर कधी पावसात भिजलेला डाग.

मी कामाला लागले आणि मला वेडच लागलं. शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. एक मी. दुसऱ्या म्हणजे या चर्चचा कारभार बघणाऱ्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या, टाचा वाजवत चालणाऱ्या. त्यांना मी मनातल्या मनात कारभारीणबाई म्हणायचे. तिसरे एक निवृत्त प्लंबर आजोबा, याच वस्तीत जन्मलेले. ते भिंग लावून वाचायचे, मी टाईप करायचे, आणि बाई चहा करून चुका काढायच्या.

पाद्र्याचा एक मदतनीस होता, त्याला समासात मृत्यूचं कारण लिहायची सवय होती. तसा नियम नव्हता, पण तो लिहायचा. गोवर. डांग्या खोकला. घटसर्प. आणि पुन्हापुन्हा एक शब्द: दात.

“दातांनी कोण मरतं?” बाई हसल्या. “बाळ चावलं की काय कोणाला?”

“दात येताना जुलाब होतात,” मी म्हटलं. “आमच्याकडे अजूनही बायका असंच म्हणतात.”

“आणि होतात का खरंच?”

“जुलाब होतात ते पाण्याने. दात त्याच महिन्यांत येतात, एवढंच. बाळ वरचं दूध प्यायला लागतं, रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं. दात बिचारे फुकट बदनाम.”

मी लगेच ‘दात’ लिहिलेल्या नोंदी महिन्यांप्रमाणे लावल्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर! दात काय उन्हाळा बघून येतात? त्या दिवशी मी सायकलवरून घरी जाताना मोठ्याने हसत होते. एका मेलेल्या मदतनिसाने समासात लिहिलेला शब्द इंग्लंडमध्ये कोणाला उलगडला नाही आणि पुण्याच्या बायकांच्या बोलण्यामुळे मला उलगडला. तेव्हापासून त्या खोलीत माझा शब्द शेवटचा झाला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक त्यामुळेच कोणी पकडली नाही.

दोन्ही वह्या टाईप झाल्या. आता त्या एकत्र करायच्या, म्हणजे एकच मूल दोनदा येणार, एकदा पाद्र्याच्या वहीतून आणि एकदा खणणाऱ्याच्या. माझ्या हातचा मळ! तारखांवर भरवसा नव्हता म्हणून त्या मी बाजूला ठेवल्या. पाद्र्याच्या वहीत प्रत्येक दफनाला एक छापील क्रमांक होता, पण खणणाऱ्याच्या वहीत तो नव्हता, म्हणून तोही रकाना काढून टाकला. नियम केला: नाव तेच, गल्ली तीच, वयातला फरक दोन वर्षांच्या आत, तर मूल एकच. बटण दाबलं. यादी अशी सडसडीत झाली की बघत राहावं.

त्या यादीवरून मी गल्लीवार तक्ताही केला. नदीकाठची गल्ली टेकडीकडच्या गल्ल्यांहून फारशी वाईट दिसत नव्हती. मला आश्चर्य वाटलं, पण आकडे म्हणतात तेच खरं, अशी माझी श्रद्धा.

गुरुवारी संध्याकाळी समितीची बैठक झाली. मी तक्ता दाखवला आणि यादी वाटली. आजोबांनी चष्मा चढवून यादी वर-खाली केली, आणि म्हणाले, “इथे एकच आहे.”

“कोण एकच?”

“माझ्या पणजोबांची बहीण. बहिणी. तीन होत्या. तिघींचं नाव एकच.”

“एकाच घरात एका नावाच्या तीन मुली?” मी म्हटलं. “हाका कशा मारायच्या?”

“एका वेळी तीन नव्हत्या. एक गेली की पुढचीला तेच नाव. माझी आत्या सांगायची.”

“आत्याने सांगितलं म्हणजे सांगोवांगी झालं. वह्यांमध्ये एकच मुलगी दोनदा येते, तशा सांगता सांगता तुमच्या घरात एकीच्या तीन झाल्या असतील. हे असंच होतं. मी रोज बघते.”

“आणि ही तुझी नदीकाठची गल्ली,” त्यांनी तक्त्यावर बोट आपटलं. “तिथे मी खणलंय. सांडपाण्याची जुनी विटांची मोरी आणि पिण्याच्या पाण्याचा पंप यांच्यात माझं फावडं आडवं मावत नव्हतं. आणि तिथली मुलं टेकडीवरच्यांइतकीच धडधाकट? पोरी, तुझ्या कॉम्प्युटरला वास येत नाही.”

लोक हसले. मीही हसले. पण मतदान झालं तेव्हा सगळ्यांनी माझ्या यादीला हात वर केले. बाई म्हणाल्या, “पाथरवट मंगळवारी सकाळी कोरायला घेणार आहे. स्लेटवर खोडरबर चालत नाही, तेव्हा शंका असेल तर आत्ताच.” आजोबांनी कोट चढवला. दारात थांबून मला म्हणाले, “म्हणजे तिघींना एकदाच पुरलं म्हणायचं तर,” आणि गेले. चहासुद्धा न पिता.

मला जरा राग आला. इतके महिने काम करायचं आणि शेवटी आत्याची गोष्ट पुढे करायची!

रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते आणि नवऱ्याला हे सगळं ऐकवत होते. तो नागपूरचा. तो कांदा चिरत होता आणि मुळीच ऐकत नाही असं दाखवत होता.

“माझ्या आजोबांचं नाव काय होतं?” त्याने मध्येच विचारलं.

“दगडू. त्याचं काय?”

“का ठेवलं असेल?”

“आधीची मुलं जगली नाहीत म्हणून. सगळ्यांना माहीत आहे. दगड, धोंडा, केर, काहीतरी वाईट नाव ठेवायचं, म्हणजे मरण ढुंकून बघत नाही.”

“हां. आधीचे दोघं वर्षाच्या आत गेले. तिसऱ्याला दगड म्हटलं आणि तो नव्वदीपर्यंत लोकांना ताप देत जगला. मग या गोऱ्यांनी काय केलं असेल? त्यांचीही मुलं मरतच होती ना?”

“त्यांच्यात असं वाईट नाव ठेवत नाहीत. ते उलट तेच नाव परत...”

माझ्या हातातली चाळणी सिंकमध्ये पडली.

“पोहे!” नवरा ओरडला.

मी लॅपटॉप उघडलाही होता. डोकं भराभर चालत होतं. आपल्याकडे मूल गेलं तर पुढच्याचं नाव मुद्दाम वेगळं, मुद्दाम ओबडधोबड. मूळ नाव घरात पुन्हा उच्चारतही नाहीत. त्यामुळे एका घरात तेच नाव तीनदा दिसलं तर माझ्या मनात ती एकच मुलगी. मला दुसरी शक्यता सुचलीच नव्हती. आणि हॉस्पिटलमध्येही सुचायचं कारण नाही, तिथे जन्मतारीख असते. इथे जन्मतारीख नव्हती, तारीख मी फेकली होती, क्रमांक मी फेकला होता. उरलं होतं ते फक्त नाव, म्हणजे नेमकी तीच गोष्ट जी ही माणसं एका मुलाकडून दुसऱ्याकडे देत होती.

पाद्र्याच्या वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे होते. आजोबांच्या घराण्याचं आडनाव शोधलं. पहिलं पान: नाव, नदीकाठची गल्ली, सात महिने, छापील क्रमांक. समासात गोवर. पानं पुढे सरकवली. तेच नाव, तीच गल्ली, चौदा महिने, क्रमांक वेगळा, तारीख जवळजवळ तीन वर्षं पुढची. समासात दात. आणखी पुढे. तेच नाव. तीन आठवडे. क्रमांक वेगळा. पाद्रीही वेगळा, हे त्याच्या अक्षरावरूनच कळत होतं. समास कोरा.

तीन! पाद्र्याच्या एकाच वहीत तीन! खणणाऱ्याच्या वहीचा इथे संबंधच नव्हता.

“तीन आहेत!” मी ओरडले.

“काय तीन?”

“मुली! आजोबा बरोबर होते. मी दोन मुली पुसल्या!”

“तुझ्या कॉम्प्युटरने आमच्या आजोबांनाही गाळलं असतं,” नवरा म्हणाला. “बरं झालं दगडू ठेवलं.”

मी हसले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. दोन मुली एका घराच्या. बाकीच्या घरांचं काय? छापील क्रमांकाचा रकाना परत आणला आणि नियम बदलला: पाद्र्याच्या वहीत क्रमांक वेगळा असेल तर मूल वेगळं. मग दिसलं की मी किती ओळी काढल्या होत्या. दोन-चार नव्हत्या. स्क्रीनवर मावेनात.

त्या गल्लीवार लावल्या आणि मी उभीच राहिले. जवळजवळ सगळ्या नदीकाठच्या गल्लीतल्या होत्या! आणि ते तसंच असणार होतं. जिथे मुलं जास्त मरतात, तिथेच नावं परत वापरावी लागतात. टेकडीवर एखाद्या घरात एक मूल गेलं, तर त्याचं नाव एकदाच येणार आणि माझा नियम त्याला हात लावणार नाही. नदीकाठी तीन गेली, तर नियम दोन पुसणार. जितकी गल्ली वाईट तितकी माझी सफाई जास्त. तक्ता पुन्हा काढला, तर नदीकाठचा खांब असा वर गेला की बाकीच्या गल्ल्या त्याच्या गुडघ्याला आल्या. आजोबांच्या नाकाने जे सांगितलं होतं ते आता आकडेही सांगत होते. मला इतका आनंद झाला की स्वतःच्या चुकीची लाज वाटायला वेळच मिळाला नाही. ती थोड्या वेळाने वाटली.

आजोबा रविवारी दुपारी कौन्सिलने भाड्याने दिलेल्या आपल्या भाजीच्या तुकड्यावर असतात. मी लॅपटॉप पाठीवर टाकून सायकल हाणली. ते लसूण लावत होते. मला बघून कंबर सरळ केली नाही.

“आलीस का, स्प्रेडशीटबाई.”

“तीन आहेत,” मी म्हटलं. “सात महिने, चौदा महिने, तीन आठवडे. तुमची आत्या बरोबर. मी चुकले.”

त्यांनी हातातली पाकळी मातीत नीट दाबली. मग उभे राहिले.

“तीन आठवडे? आत्या म्हणायची तिसरी वर्षभराची होती.”

“तुमच्या आत्याचं एवढं तरी चुकू द्या.”

ते हसले. जोरात नाही, पण हसले.

“मंगळवारी तो कोरणार,” ते म्हणाले.

“म्हणून तर आले. काढलेली प्रत्येक ओळ मूळ वहीवरून पुन्हा बघायला हवी. मी एकटी पुरी पडणार नाही. आणि या वेळी कॉम्प्युटर आधी बोलणार नाही.”

हात न धुताच ते माझ्याबरोबर निघाले. कारभारीणबाईंना फोन केला. दुपारची प्रार्थना संपताच त्यांनी कपाट उघडून खरी वही काढून दिली आणि आजोबांचे हात बघून त्यांना नळाकडे पिटाळलं. मग बसलो. आजोबा क्रमांक वाचायचे, मी यादीत खूण करायचे, बाई खणणाऱ्याच्या वहीत कोपरा शोधायच्या. काही ओळी खरंच डुप्लिकेट होत्या, एकच मूल दोन वह्यांत. त्या तशाच काढलेल्या ठेवल्या. बाकीच्या परत आल्या. एका घरात एकाच नावाचे दोन मुलगे. दुसऱ्या घरात आईचंच नाव मुलीला, मग पुढच्या मुलीला. मुलं बाहेर पडत होती तसा आमचा वेग वाढत होता. “पुढचं!” “आहे!” “पुढचं!” असा नुसता गजर. बाई चहा करायला विसरल्या, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

पाच वाजता यादी पूर्ण झाली आणि बाईंनी चष्मा काढला.

“आता मावत नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पाटीवर. एवढ्या ओळी मावत नाहीत. कडेने वेलपत्ती आहे ना.”

ती वेलपत्ती बाईंनी समितीत भांडून मंजूर करून घेतली होती. आयव्हीची पानं, चारही बाजूंनी. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

“माझ्याकडे असं बघू नका,” त्या म्हणाल्या. “पानं काय, बाहेर भिंतीवर हवी तेवढी आहेत. तीही मीच कापते.” आणि त्यांनी तिथूनच पाथरवटाला निरोप पाठवला.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आजोबांबरोबर पाथरवटाच्या शेडमध्ये गेले. तो एक चाळिशीचा, शांत, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. टेबलावर पाटीच्या आकाराचा कागद अंथरला होता आणि त्यावर सगळी पाटी आखलेली. त्याने आमची यादी वाचली आणि पेन्सिल काढली.

“इथे एकच नाव तीनदा आलंय.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“बघणाऱ्याला वाटेल मी चुकलो. एकदाच कोरतो आणि पुढे ‘तीन बहिणी’ लिहितो. जागाही वाचेल.”

मला ते क्षणभर पटलं, हे कबूल करते. सुटसुटीत होतं. मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“नाही,” मी म्हटलं. “तीन ओळी. एकाखाली एक, पुरलं त्या क्रमाने. पुढे प्रत्येकीचं वय आहेच. वय वाचलं की कळेल. आणि इतर घरांतही तसंच आहे, तेही तसंच ठेवा. कोणी चूक म्हणालं तर चर्चमध्ये पाठवा, तिथून मला पाठवतील.”

“उत्तर देशील?”

“हौसेने!”

त्याने खांदे उडवले. मग मोठं खोडरबर घेऊन कागदावरची चारही बाजूंची पानं खोडून टाकली, फुंकर मारली, पट्टी ठेवली आणि नव्याने ओळी आखायला घेतल्या. नावं हलक्या हाताने भरत गेला. नदीकाठच्या गल्लीशी आला तेव्हा आजोबा टेबलावर वाकले. पहिली ओळ उमटली, नाव आणि सात महिने. ते अक्षरांवरून बोट न टेकवता फिरवत राहिले आणि तिथेच थांबले, इतका वेळ की पाथरवटाची पेन्सिल त्यांच्या हाताशी येऊन अडली.

“हात काढा,” मी म्हटलं. “अजून दोघी यायच्या आहेत.”